शेवटचं पाणी

दयानंद सरांनी गरम पाण्याचा तांब्या भोकांच्या ताटलीवर इतका सावकाश कलता केला, की खालच्या सातूला ओलं झाल्याचं कळूसुद्धा नये. ताटली निळ्या पेटीच्या तोंडावर बसवलेली होती. पाणी तिच्या भोकांतून थेंब थेंब उतरून भरडलेल्या, भिजून फुगलेल्या सातूच्या थरावर पडत होतं, आणि पेटीच्या बुडाशी बसवलेल्या प्लास्टिकच्या तोटीतून मधाच्या रंगाची बारीक धार पातेल्यात येत होती. वरून जेवढं ओतायचं तेवढंच खालून घ्यायचं. घाई केली की थराला भेग पडते, पाणी त्या भेगेतून पळ काढतं आणि गोडी आतच राहते. सर पोरीला हे चौथ्यांदा सांगत होते. पोरीला ते पहिल्यांदाच समजलं होतं.

"पप्पा, अकरा वाजले," मनस्विनी म्हणाली.

"हे झालं की बोलू."

"हे कधी होईल?"

"सातूला विचार."

सरांनी तोटी आणखी थोडी आवळली. धारेची आता ठिबक झाली. मनस्विनीनं ते बघितलं. ती सकाळीच न्हाऊन, इस्त्रीचा ड्रेस घालून तयार होती. तिची सॅक गच्चीच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. साडेअकराला परभणीची एसटी होती.

जिन्याच्या तोंडाशी, पत्र्याच्या सावलीत, सरांची आई विठाबाई सुपात तुरीची डाळ घेऊन खडे निवडत बसली होती. बहात्तर वर्षांची बाई. कान शाबूत, डोळे शाबूत, आणि तोंडाचं तर विचारूच नका.

"आमची आंबील एका रातीत हुती," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "जवारीचं पीठ ताकात कालवलं, बिंदगीत घातलं, सकाळी तय्यार. तुझी ह्यी म्हस महिना महिना व्यायना."

"माय, ते वेगळं, हे वेगळं."

"येगळं कसलं? ह्ये बी आंबलेलंच की."

आता एवढ्यावरून कुणाला शंका आली असेल तर ती बरोबर आहे. सर बिअर बनवत होते. नाक मुरडायचं त्यानं खुशाल मुरडावं. लातूरच्या ट्यूशन एरियात ज्यांचा फोटो दोन मजली होर्डिंगवर हाताची घडी घालून उभा आहे, पोरांच्या आयांनी ज्यांच्या नावानं नवस बोलावेत, ते केमिस्ट्रीचे दयानंद सर सुट्टीच्या दिवशी गच्चीवर बिअर गाळतात, हे बाहेर कळलं असतं तर क्लासच्या मालकाला झीटच आली असती. दीड वर्षापूर्वी एन्झाइमचा धडा शिकवताना एका पोरानं बिअरवरून काहीतरी तिरपागडा प्रश्न विचारला, सरांना उत्तर आलं नाही, आणि उत्तर न येणं हे सरांना सहन होत नाही. आलोक नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी बंगळूरला होता. त्यानं मोड आणून वाळवलेला सातू, यीस्टची पुडी आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स नावाच्या हिरव्या गोळ्यांची पिशवी पाठवून दिली. तेव्हापासून बायको महानंदा माहेरी उदगीरला गेली की गच्चीवर शेगडी पेटायची. या वेळी ती भाच्याच्या बारशाला गेली होती. रविवारी क्लासमध्ये टेस्ट झाली होती, म्हणून सोमवारची सुट्टी होती.

या उद्योगात सरांना एकच मदतनीस होती, मनस्विनी. आणि खरं सांगायचं तर आता तिचा हात सरांपेक्षा चांगला चालत होता. पाण्याला बोट न लावता, नुसत्या वाफेवरून ती पाणी पंच्याहत्तरला आलं का ऐंशीला गेलं ते सांगायची. पहिला काढा तोंडात घेऊन म्हणायची, "पप्पा, आज अर्धा तास कमी ठेवलंय आपण," आणि ते तसंच असायचं.

पण लातूरला असलं कौशल्य कुणी विचारत नाही. लातूरला एकच विचारतात, "लागला का नंबर?" मेडिकलला, म्हणजे. मनस्विनीचा दोनदा लागला नव्हता. पहिल्या वर्षी सातशे वीसपैकी तीनशे एकोणनव्वद मार्क, दुसऱ्या वर्षी चारशे सत्तेचाळीस. दयानंद सरांची पोरगी आणि नंबर लागत नाही, म्हणजे काय! किराणा दुकानदारापासून क्लासच्या शिपायापर्यंत जो तो "यंदा होऊन जाईल बघ" म्हणायचा, आणि ते ऐकलं की तिला घास गिळवायचा नाही. या वर्षी तिनं कुणाला न विचारता परभणीच्या कृषी विद्यापीठाचा फॉर्म भरला. अन्न तंत्रज्ञान. शेवटच्या फेरीत तिला जागा मिळाली होती. आज संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन तिथं उभं राहायचं होतं. कागदपत्रं खालच्या लोखंडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली सरांच्या शर्टाच्या खिशात.

शनिवारी तिनं सांगितलं तेव्हा सर म्हणाले, उद्या बोलू. रविवारी म्हणाले, टेस्ट आहे. आज म्हणत होते, हे झालं की बोलू.

साडेअकरा वाजले. एसटी गेली असणार. मनस्विनीनं पातेलं उचललं, त्यातला काढा शेगडीशेजारच्या मोठ्या पातेल्यात ओतला आणि रिकामं पातेलं परत तोटीखाली ठेवलं.

"मोठ्या पेटीत केलं असतं तर एका तासात आटोपलं असतं," ती म्हणाली.

"हीच चांगली आहे. जाड आहे. ऊब धरते."

निळी पेटी खरंच चांगली होती. दवाखान्यात लसी ठेवतात तसली, बर्फाची. आत जेमतेम दहा लिटर मावायचं. तीन किलो सातू नि सात लिटर पाणी घातलं की काठोकाठ. त्यामुळे पुढची सगळी गोडी अशी तांब्या तांब्यानं धुऊनच काढावी लागायची. झाकणावर पुसट झालेली लाल फुली होती आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कुणीतरी खिळ्यानं दोन अक्षरं कोरलेली होती. ती धड लागत नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदतीच्या कॅम्पातून आलेली पेटी, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या पेटीत रेशनकार्ड आणि कागद असायचे, पुढे पीठ, पुढे मनस्विनीची भातुकली.

विठाबाईनं सूप पाखडलं. "मने, जेवलीस का?"

"भूक नाही, आज्जी."

"दया, लेकराला जेवायला बी सुट्टी न्हाई का रं?"

सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी काचेच्या नळीत थोडा काढा घेतला आणि गोडी मोजायचा हायड्रोमीटर त्यात सोडला. तो तरंगत स्थिर झाला. "एक हजार बावीस. अजून पुष्कळ आहे आत."

"एक हजार दहावर आलं की थांबायचं ना?"

"हं."

"मग थांबल्यावर किल्ली देणार?"

सरांनी तांब्या भरून घेतला. बोलण्याआधी त्यांनी तो पूर्ण रिकामा केला, भोकाभोकावर फिरवून.

"तुला हे आवडतं, मला काय दिसत नाही का? मग कर की. डॉक्टर होऊन कर. सुट्टीत कर. कुणी अडवलंय?"

"मला रक्त बघितलं की कसंतरी होतं, पप्पा. तुम्हाला किती वेळा सांगितलं."

"सवय होते."

"दोन वर्षं झाली. माझ्या सगळ्या मैत्रिणी सेकंड इयरला गेल्या. मी अजून त्याच बाकावर बसून राहिले, तेच मॉड्यूल, तेच पेपर. मी रस्त्यानं जाताना खाली बघून जाते."

तिचा आवाज चिरकला. सरांना तो चिरकलेला आवाज ऐकू आला. पोरगी वाईट नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. पण पोटात तुटलं म्हणून शिक्षकानं पेपर सोपा काढायचा नसतो, अशी त्यांना वीस-बावीस वर्षांची सवय होती. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराकडूनही त्यांनी मार्क पिळून काढले होते. सगळे म्हणायचे, सर दगडातून पाणी काढतात. हे त्यांना आवडायचं.

साडेबाराला हायड्रोमीटर एक हजार दहावर आला. त्याच सुमाराला पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जारही संपला. मनस्विनीनं तो उलटा करून दाखवला. मोठ्या पातेल्यात चौदा लिटर काढा जमला होता, उकळून आटल्यावर सोळा बाटल्या भरतील एवढा, अगदी ठरल्याप्रमाणे.

"झालं," ती म्हणाली.

सर उठले. तिला वाटलं, खिशात हात घालतील. त्यांनी रिकामी बादली उचलली, गच्चीवरच्या बोअरच्या नळाखाली धरली आणि भरून शेगडीवर ठेवली.

"पप्पा, हे बोअरचं आहे."

"माहीत आहे."

"त्याचा पीएच आठच्या वर आहे. तुम्हीच मोजला होतात. टरफलातला तुरटपणा उतरेल."

"चार बाटल्या वाढतील. टाकून कशाला द्यायचं?"

हे बोलणारा माणूस बारावीच्या पोरांना टॅनिन, म्हणजे हाच तुरटपणा, शिकवायचा. पण पाणी चालू होतं तोवर बोलायचं नव्हतं, आणि बोलायचं नसेल तर पाणी चालू ठेवायला हवं होतं. मनस्विनीला हे कधीचं कळलं होतं. तिनं मोबाइलमध्ये बघितलं. गाडीनं परभणी तीन तास. दोनच्या आत निघालं तरी पोचता येणार होतं.

"दोनपर्यंत निघालो तर होईल," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तरी चालेल. शेजारचे विरूपाक्ष काका सोडतो म्हणाले. मी विचारून ठेवलंय."

"गावभर विचारत फिर."

"गावभर नाही. फक्त काकांना."

"आणि काय सांगितलंस? माझ्या बापाला डॉक्टर पाहिजे आणि मला लोणची-पापड शिकायचेत?"

आता ती रडली. आवाज न करता, पेटीकडे बघत. सरांनी ते बघितलं आणि त्यांचा हात थांबला, पण जीभ थांबली नाही. जी गोष्ट घरात वर्षातून एकदा, तिथीला, तीही अर्धीच निघायची, ती त्यांनी भर दुपारी काढली.

"तुला काय माहीत गं? तुझी आत्या, सिंधू. चौदा वर्षांची होती. घराचे दगड उचलून काढली तेव्हा जिवंत होती, बोलत होती. दुपारपर्यंत जिवंत होती! आणि सगळ्या पंचक्रोशीत एक डॉक्टर नव्हता. एक! माझी डॉक्टरकी दोन मार्कांनी गेली नसती तर मी तेव्हा शेवटच्या वर्षाला असतो. मी तिच्या उशाला असतो. मला काहीतरी करता आलं असतं. नुसत्या दोन मार्कांनी मेली ती. आणि तू म्हणतेस, रक्त बघवत नाही."

सुपातला खडखडाट थांबला होता.

"डाक्टर व्हता," विठाबाई म्हणाली.

सर वळले. "काय?"

"सिंधूपाशी. डाक्टर व्हता. उमरग्याकून आलता, सोताच्या जीपगाडीत. दिवस वर आला, तवाच आलता."

"माय, डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. कॅम्प लागला तेव्हा."

"ते मागून. ह्यो पैल्या दिवशीच. एकलाच." तिनं सूप खाली ठेवलं. "ही पेटी त्याचीच हाय."

 शेगडीवर बोअरच्या पाण्याला आधण आलं होतं. ते कमी करायचं कुणाला सुचलं नाही.

"हिच्यात सलाइनच्या बाटल्या व्हत्या," विठाबाई पेटीकडे बोट करून म्हणाली. "जीपच्या दांडक्याला अडकवली बाटली, तिच्या हातात सुई घातली. पाऊस भुरभुरत व्हता. त्यानं आपला शर्ट काढून तिच्या तोंडावर धरला. बारा वाजेपस्तोर बसला. मला म्हणला, बाई, आतून लई मार हाय, माझ्या हातात काई न्हाई. आन रडला. येवढा मोठा डाक्टर, रडला माझ्यापुढं. मग पल्याडच्या वाडीचं बोलावणं आलं, पळतच गेला. पेटी ऱ्हाऊन गेली."

"मला सांगितलं नाहीस."

"तू लातूरकून सांजच्याला आलास. कमरेपस्तोर चिखल. आल्याबरूबर माझे खांदे धरलेस आन वरडायलास, डाक्टर कुठं व्हता, डाक्टर कुठं व्हता. मग म्हणलास, मी असतो तर वाचली असती. मला वाटलं, म्हणू दे. बाप गेला, बहीण गेली, ह्याला धराया काईतरी पायजे. राग तर राग. रागावर का हुईना, पोरगं जगंल."

"पंचवीस वर्षं, माय?"

"तू जगलास की," ती म्हणाली. "शिकलास, नांदेडला जाऊन मोठी डिग्री घेतलीस, नाव काढलंस. मी म्हणलं, चाललंय तर चालू दे. पर आता त्ये ह्या लेकराच्या गळ्यात घालून राहिलास. आता मला बघवत न्हाई."

सरांनी जमिनीवर पडलेलं पेटीचं झाकण उचललं. उलटं केलं. आतली दोन अक्षरं, त्या डॉक्टरच्याच नावाची असणार, त्यांनी अंगठ्यानं चाचपली, पुसली, उजेडाकडे धरून बघितली. मग झाकण खाली ठेवलं, तांब्या उचलला, उकळत्या बादलीत बुडवला आणि ताटलीवर ओतला.

"पप्पा," मनस्विनी म्हणाली.

त्यांनी दुसरा तांब्या ओतला. पाणी आता पंच्याहत्तरचं नव्हतं, चांगलं खदखदतं होतं. ताटलीतून वाफ त्यांच्या तोंडावर येत होती आणि ते तोंड मागं घेत नव्हते. तोटीतून येणारी धार फिकी होत गेली, आधी चहासारखी, मग भांडी विसळल्या पाण्यासारखी. मनस्विनीनं एकदा "बास" म्हटलं, एकदा त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी हात झटकला नाही, पण थांबलेही नाहीत. खाली रस्त्यावर विरूपाक्ष काकांच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. थोड्या वेळानं आणखी एकदा. विठाबाई उठून कठड्याशी गेली, खाली बघितलं, लेकाकडे बघितलं, आणि परत येऊन बसली. पोटातलं सगळं सांगून झाल्यावर तिच्याजवळ सांगायला काही उरलं नव्हतं.

बादली संपली तेव्हा सर भानावर आले. छोटं पातेलं भरलं होतं. नेहमीच्या सवयीनं त्यांनी ते उचललं आणि मोठ्या पातेल्यात ओतून दिलं. मग ओले हात शर्टाला पुसले, खिशातून किल्ली काढली आणि मनस्विनीपुढे धरली.

"घे. जा. मी येतो सोडायला. चल."

तिनं किल्ली घेतली नाही. मोबाइल त्यांच्याकडे वळवून दाखवला. दोन वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

"होईल. जोरात मारतो गाडी. मी फोन करतो कुणाला तरी. माझे विद्यार्थी सगळीकडे आहेत."

"मी सकाळीच केला होता फोन. पाचला जागा पुढच्या नंबरला जाते. एक मिनिटसुद्धा चालत नाही म्हणाले."

"मग तू आधी का नाही..." सर म्हणाले आणि वाक्य तिथंच राहिलं. कारण ती अकरा वाजल्यापासून हेच तर सांगत होती.

मनस्विनीनं मोठ्या पातेल्यात चमचा बुडवून जिभेला लावला. तिचा चेहरा बारीक झाला.

"ते शेवटचं पाणी सगळ्यात ओतलंत?"

सरांनी हातातल्या रिकाम्या पातेल्याकडे बघितलं.

"ओतलं."

"वेगळं ठेवायचं ना, पप्पा," ती म्हणाली. मग शेगडीवरची बादली उतरवून तिनं मोठं पातेलं चढवलं आणि हॉप्सची पिशवी फोडायला कात्री शोधू लागली.

*

येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायची वेळ अमावस्या, जानेवारीत आली. त्या अमावस्येला लातूर ओस पडतं. दुकानं बंद, क्लास बंद, ट्यूशन एरियात कुत्रंसुद्धा नसतं. जो तो आपापल्या शेतात, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात. दयानंद सर आईला घेऊन गावी आले होते. जुन्या गावठाणाच्या दगडांपलीकडे त्यांचं पाच एकर रान आहे. वाट्यानं रान कसणाऱ्या बटईदारानं ज्वारीत कडब्याची खोप केली होती, खोपीत पाच दगडांचे पांडव पूजेला मांडले होते, मिश्र भाज्यांच्या भज्जीचा आणि बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांचा वास सुटला होता. विठाबाईनं आंबिलीची बिंदगी, छोटी घागर, स्वतःच्या मांडीशी ठेवून घेतली होती आणि येईल त्याला भरून देत होती.

मनस्विनी आली नाही. घरी गजर लावून तीन तासांचा पेपर सोडवत होती.

ऑगस्टमध्ये सरांनी तिला सांगून बघितलं होतं. "नको देऊस परीक्षा. पुढच्या वर्षी परभणीचा फॉर्म भरू, मी स्वतः येतो." ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "तोवर काय करू मग? घरात बसू?" दिवाळीत त्यांनी परत विषय काढला. या वेळी तिनं मान वर काढली, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "असू द्या, पप्पा. आता सवय झाली." रागानं म्हणाली असती तर सरांना बरं वाटलं असतं. गच्चीवर मात्र ती पुन्हा चढली नाही. आलोकनं पाठवलेलं सातूचं पुढचं पोतं तसंच बांधलेलं पडून होतं.

जेवणं झाली. बटईदाराची माणसं दुसऱ्या शेतावर गेली. सरांनी कापडी पिशवीतून एक तपकिरी बाटली काढली. जुलैतल्या त्या सोमवारची. आजवर जिन्याखालच्या त्या बाटल्यांना हात लावायचं त्यांच्या जिवावर यायचं. आज का आणल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बूच उघडल्यावर फेस छान आला. रंगही छान होता. त्यांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडातच धरला.

"आण हिकडं," विठाबाई म्हणाली. "शेतात आलेलं समद्यांनी चाखायचं असतंय."

"माय, तुला नाही जमणार."

"आण म्हणते ना."

तिनं पेल्यातून घोटभर घेतलं. तिचं तोंड कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं आवळलं. ती बाजूला वळून ढेकळावर थुंकली आणि पदरानं ओठ पुसले.

"तुरट हाय लई. जीभ धरून बसतंय."

"हाव."

"आन तू पिऊन राहिलास?"

"हाव."

"टाकून दे की रं, दया. ही आंबील घे."

सरांनी पेला तिच्या हातातून परत घेतला. "राहू दे," ते म्हणाले. "मीच काढलंय ते."

तो पेला त्यांनी संपवला, उरलेली बाटली संपवली, आणि पिशवीतून दुसरी काढली. घरी जिन्याखाली अजून अठरा होत्या.